स्टिअरिंगचं कोण बघतो?

सांगली-साताऱ्याकडे जुनी सात सीटर घेताना आपण एसी लावून बघतो, सीट कव्हर चाचपतो. स्टिअरिंग? 'जुन्या गाडीत एवढं चालायचंच!' हे मला बिलकूल मान्य नाही. मामूंच्या गाडीत स्टिअरिंग चार बोटं फिरलं तरी चाकं ढिम्म. विकणारा म्हणे, अलाइनमेंट करा, बास. पण टाय रॉडचा सांधाच झिजला असेल तर अलाइनमेंट टिकत नाही. टायर मात्र एका कडेनं झिजत जातात. निकाहाला दहा जण कोंबून खंबाटकी घाटात निघणार आपण! एकानं स्टिअरिंग डावी-उजवीकडे थोडं हलवायचं, मिस्त्रीनं खालून सांधे पाहायचे, एवढंच काम. बयाणा देण्याआधी करा. विकणारा नको म्हणाला, तर दुसरी गाडी बघा.