पत्रिकेत नवरी कुठाय?

माझ्या लग्नाच्या पत्रिकेत माझं नाव नव्हतं. २००१ साली कराडात छापलेली ती पत्रिका अजून माझ्या कपाटात आहे. जाड हिरवा कागद, वर चांद-तारा, त्याखाली ७८६/९२. मग देवनागरीत छापलेलं उर्दू, की जनाब अमुक साहेबांच्या ‘दुख्तर-ए-नेक-अख्तर’चा अक्द अमुक यांच्या फरजंदाशी ठरला आहे. फरजंदाचं नाव ठळक, पुढे कंसात त्याचा डिप्लोमा. खाली चार चाचा, दोन मामू, एक फुफा. अगदी तळाला बारीक टाइपात छापखान्याचंही नाव आहे. नाही ते फक्त माझं आणि माझ्या अम्मीचं.

दुख्तर-ए-नेक-अख्तर म्हणजे चांगल्या नशिबाची लेक. शब्द गोड आहे. तेव्हा मलाही तो गोडच वाटला होता. मी स्वतः सगळ्या मैत्रिणींना पत्रिका वाटत फिरले आणि एकीलाही त्यात काही कमी दिसलं नाही. मलाही नाही.

कमी काय होतं ते आठ वर्षांनी कळलं. नवऱ्याला मस्कतला नोकरी लागली होती आणि माझ्या व्हिसासाठी विवाह नोंदणीचा दाखला हवा होता. महाराष्ट्रात विवाह नोंदणीचा १९९८ चा कायदा आहे. नोंदणीच्या अर्जासोबत जी कागदपत्रं मागतात त्यांत लग्नपत्रिकाही असते, ती नसेल तर प्रतिज्ञापत्र द्यावं लागतं. मी मोठ्या ऐटीत ती हिरवी पत्रिका टेबलावर ठेवली. कारकुनानं ती दोनदा उलटसुलट केली आणि म्हणाला, “बाई, यात नवरी कुठाय?” माणूस वाईट नव्हता, प्रश्नही चुकीचा नव्हता. निकाहनाम्यात माझं नाव होतं, पण तो उर्दूत, आणि त्या खोलीत उर्दू वाचणारं कुणी नव्हतं. भाषांतर, स्टॅम्पपेपर, दोन साक्षीदार, आणखी तीन खेपा. माझ्याच लग्नाला मी हजर होते हे मी शपथेवर लिहून दिलं.

हे सगळं आत्ता आठवायचं कारण माझी भाची. गेल्या हिवाळ्यात तिचा निकाह झाला. ती मोबाइलवरच पत्रिका बनवत होती. हल्ली तयार साचे मिळतात, सोनेरी मेहराब, कंदील, वेलबुट्टी. नाव-तारीख भरली की काम झालं. तिनं दोन्ही नावं सारख्या आकारात घातली. खाली निमंत्रक म्हणून आधी आईचं नाव. माझी बहीण विधवा आहे. पंधरा वर्षं शिलाई करून तिनं ही मुलगी शिकवली. मग लग्नाला बोलावणार कोण, तर तीच. एवढा साधा हिशोब.

पण मुलीचे बडे अब्बा, म्हणजे थोरले चुलते, पत्रिका बघून गप्प झाले. नंतर म्हणाले, “बेटी का नाम बजार में फिराने का क्या?” आणि निमंत्रक तर घरातला मर्द असतो, बेवा बाईचं नाव वर कसं? माणूस प्रेमळ आहे. भाचीच्या कॉलेजची फी त्यानं दोनदा भरली आहे. म्हणून त्याचं म्हणणं मी उडवून लावणार नाही. तुमच्यापैकी पुष्कळांच्या घरात हेच ऐकू येत असेल, आणि तेही प्रेमळ माणसांच्याच तोंडून.

त्यांची बाजू अशी. पत्रिका शंभर घरांत जाते, परक्या पुरुषांच्या हाती पडते, शेवटी रद्दीत जाते. त्यात लेकीचं नाव कशाला? याच भीतीतून पत्रिकेवर बिस्मिल्लाहच्या जागी ७८६ आलं. अबजद पद्धतीनं अक्षरांच्या किमतींची बेरीज केली की बिस्मिल्लाहचे ७८६ होतात, आणि मुहम्मद या नावाचे ९२. पवित्र नाव पायदळी जाऊ नये म्हणून आकडा. अनेक आलिमांना ही आकडेमोड मान्य नाही, तो वाद त्यांचा त्यांनी करावा. भावना मला समजते. पण एक सांगा, लेकीला तर आपण आकडाही दिला नाही! ती सरळ गाळली.

आणि निकाहाच्या दिवशी काय होतं? वकील आणि दोन गवाह आत जाऊन तिला विचारतात. नवऱ्याचं नाव सांगतात, मेहरची रक्कम सांगतात, कबूल आहे का म्हणतात. ती हो म्हणाल्याशिवाय गोष्ट पुढे सरकत नाही. मग काझीसाहेब भर मजलिसीत, बहुतेकदा माइकवर, तिचं नाव वडिलांच्या नावासकट घेतात आणि नवऱ्याला विचारतात. पत्रिका ज्या पुरुषांच्या हाती पडू नये म्हणून नाव लपवलं, तेच पुरुष समोर बसून ते ऐकत असतात. ज्या नावाशिवाय निकाह होत नाही ते पत्रिकेत मात्र चालत नाही. हे मी बडे अब्बांना विचारलं. ते म्हणाले, रिवाज आहे. रिवाज आहे हे खरं. दीन आहे असं मात्र तेही म्हणाले नाहीत.

आपण लेकींची नावं खदीजा, आयेशा, फातिमा ठेवतो. ही नावं चौदाशे वर्षं जगभरातले पुरुष घेत आले आहेत, मशिदीत, मदरशांत, किताबांत. कुरआनच्या एकोणिसाव्या सूरेचं नावच मरियम आहे. नाव घेतल्यानं त्यांची बेअदबी झाली असं कुणी म्हणत नाही.

ही गोष्ट फक्त कराडची नाही. अफगाणिस्तानात बाईचं नाव लग्नपत्रिकेवर नसायचं, आणि पुष्कळदा तिच्या कबरीवरही नसायचं. २०१७ च्या सुमारास लाले उस्मानी आणि तिच्या मैत्रिणींनी ‘माझं नाव कुठे आहे?’ अशी मोहीम सुरू केली. त्यांना शिव्या मिळाल्या, धमक्या मिळाल्या. पण सप्टेंबर २०२० मध्ये तिथला कायदा बदलला आणि मुलांच्या ओळखपत्रावर आईचं नाव घालण्याची तरतूद झाली. वर्षभरात तालिबान परत आले, पुढचं तुम्हाला ठाऊक आहे. आपल्याकडे तसली बंदूक कुणाच्या डोक्याला नाही. उलट १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावापुढे सरकारी कागदावर आधी आईचं, मग वडिलांचं नाव लावायचं असा महाराष्ट्र सरकारचा निर्णय आहे. सरकारच्या फॉर्मात अम्मी आली. घरच्या पत्रिकेत आणायला आपल्याला कुणाची परवानगी हवी?

भाषेचंही बोलायला हवं. लहानपणी मला वाटायचं की ‘अलमुकल्लिफ’ हे कुणातरी बड्या नातेवाइकाचं नाव आहे, कारण प्रत्येक लग्नाच्या पत्रिकेत तो असायचाच. अलमुकल्लिफ म्हणजे तसदी देणारा, अर्थात बोलावणारा. ‘चश्म-ब-राह’ म्हणजे वाटेकडे डोळे लावून बसलेले. सुंदर शब्द आहेत, मला ते टाकवत नाहीत. पण आपल्या गल्लीत, आपल्या शाळेत, आपल्या दादीच्या डोळ्यांना वाचता येतं ते मराठी. पाहुण्यांना मजकूर कळला नाही तर ते निमंत्रण कसलं? भाचीनं वर एक ओळ उर्दूत ठेवली आणि बाकी सगळं मराठीत लिहिलं. शेवटी तिच्या छोट्या भाच्याच्या नावानं ते ‘जलूल-जलूल आना’ मात्र आलंच. त्याला कोण नाही म्हणणार!

ती उर्दूची एक ओळ छापताना जी गंमत झाली ती सांगते, तुमच्या उपयोगी पडेल. छापखान्याच्या संगणकावर उजवीकडून डावीकडे लिहिण्याची सोय नव्हती. बिस्मिल्लाह चिकटवली तर अक्षरं सुटी झाली आणि उलटी लागली. म्हणजे पाहणाऱ्याला ते उर्दूच वाटणार, वाचणाऱ्याला मात्र काहीच लागणार नाही. तिथं उर्दू वाचणारं कुणी नव्हतं, म्हणून ती तशीच छापली गेली असती. भाचीनं पुण्यातल्या मैत्रिणीकडून इनपेजमध्ये ओळ करून घेतली, तिचं चित्र बनवलं आणि ते लावलं. तेव्हा छापायला टाकण्याआधी पहिली प्रत उर्दू येणाऱ्याला आणि मराठी येणाऱ्याला, दोघांनाही दाखवा. लेझरनं कापलेली जाळी, मखमली डबा, त्यात बदाम-पिस्ते, यावर घालायचे पैसे वाचवा. पाहुणा डबा ठेवतो आणि पत्रिका फेकतो.

नाव छापणं नेहमीच सोपं असतं असं मी म्हणत नाही. जुलै २०२१ मध्ये नाशिकमध्ये एका जोडप्याची पत्रिका व्हॉट्सअॅपवर फिरली. मुलगी हिंदू, मुलगा मुस्लीम, दोन्ही घरं राजी, नोंदणी विवाह आधीच झालेला. तरी पत्रिकेवरची दोन नावं एकत्र बघून ओरड झाली आणि कुटुंबाला ठरलेला समारंभ रद्द करावा लागला. तो नंतर पार पडला, पण त्या घरानं जे सोसलं ते सोसलं. अशा घरानं पत्रिका छापलीच नाही तर मी त्यांना एका शब्दानं बोलणार नाही. त्यांना धोका बाहेरून आहे. आपल्या घरात मात्र नाव खोडणारा हात आपलाच असतो, आणि तो आवरणं आपल्या हातात आहे.

बडे अब्बांनी शेवटी तोड काढली: बिरादरीसाठी शंभर पत्रिका नावाशिवाय छापू, बाकीच्या तुझ्या मनासारख्या. भाची म्हणाली, “बडे अब्बा, मग त्या शंभर लोकांनी दुसऱ्याच कुणाच्या तरी लग्नाला यायचं का?” ते हसले. रागावले असते तरी चाललं असतं, पण हसले. एकच पत्रिका छापली गेली. निमंत्रकांत आधी माझ्या बहिणीचं नाव, मग त्यांचं.

पत्रिका घरी आल्या त्या संध्याकाळी तिच्या दादीनं एक हातात घेतली. दादी मराठी चौथी शिकलेली. बोट ठेवून ठेवून तिनं सगळी वाचली, नातीचं नाव, सुनेचं नाव, मुलाचं नाव, वेळ, मशीद, हॉल. मग उलटी करून मागची बाजू बघितली आणि विचारलं, “आणि माझं?”

छपाई तर होऊन गेली होती. भाचीनं रात्री बसून व्हॉट्सअॅपसाठी वेगळी प्रत केली, त्यात दादीचं नाव सगळ्यांच्या वर. सकाळी दादीनं ती स्वतःच्या माहेरी, कोरेगावला, सगळ्यात आधी पाठवायला लावली.