घरातील सेलचा जमाखर्च

दिवाळीपूर्वी व्यापाऱ्याच्या घरी दोन ठिकाणी आवराआवर होते : खातेवह्यांत आणि कपाटांत. लातूरच्या गंजगोलाईत दुकान असलेल्या एका घरी कपाट आवरताना खणातून मूठभर जुने सेल निघाले. काहींवर गंज चढला होता, काहींतून पांढरी भुकटी बाहेर आली होती. कोणता चालू आणि कोणता संपलेला, हे कोणालाच सांगता येईना.

नांदेडहून चार दिवस माहेरी आलेली लेक म्हणाली, “अप्पा, हे सगळे टाकून द्या. आमच्याकडे आता सगळे सेल चार्जिंगचेच आहेत, घड्याळातसुद्धा.”

अप्पांनी होकार दिला नाही, नकारही दिला नाही. त्यांनी कागद पुढे ओढला. समजा, चार्जिंगचे चार सेल आणि चार्जर मिळून एक हजार रुपये पडले व साधा सेल वीस रुपयांना आला. म्हणजे तेवढ्याच रकमेत 50 साधे सेल येतात. नातवाच्या मोटारीला चार सेल लागतात आणि ते महिन्यात संपतात. तेथे घातलेली रक्कम साधारण तेरा महिन्यांत वसूल होते. पुढे तोच चांगला सेल शेकडो वेळा भरता येत असल्याने उरते ती केवळ बचत. भिंतीवरच्या घड्याळाला मात्र वर्षाला एकच सेल पुरतो. तेथे वसुलीला 50 वर्षे लागतील!

“भांडवल जेथे फिरते तेथेच घालावे,” अप्पा म्हणाले. लेक हसली, पण हिशेब तिला पटला.

या हिशेबामागे पदार्थविज्ञानही आहे. साध्या सेलचा दाब 1.5 व्होल्ट, तर चार्जिंगच्या निकेल-मेटल हायड्राइड सेलचा 1.2 व्होल्ट असतो. घड्याळ आणि रिमोट फार थोडी वीज ओढतात. त्यांना साधा सेल पुरेसा होतो. मोटारीचे खेळणे किंवा कॅमेऱ्याचा फ्लॅश एकदम जास्त वीज मागतो. तेथे साधा सेल लवकर थकतो, चार्जिंगचा मात्र टिकून काम देतो. साधा सेल चार्जरमध्ये कधीही घालू नये. तो फुटण्याची किंवा गळण्याची भीती असते.

श्रावकाच्या व्रतांत भोगोपभोगपरिमाण सांगितले आहे. एकदाच वापरून संपतो तो भोग, पुनःपुन्हा वापरता येतो तो उपभोग. साधा सेल पहिल्यात मोडतो, चार्जिंगचा दुसऱ्यात. परंतु परिमाण दोहोंचेही ठेवायचे असते. चार सेलांत भागत असताना सोळा घेऊन ठेवणे हाही परिग्रहच होय.

एवढ्यात आई म्हणाली, “अहो, पण उशाशी ठेवायच्या बॅटरीचे काय?”

तिचे माहेर औसा तालुक्यातले. 30 सप्टेंबर 1993 रोजी पहाटे 3 वाजून 56 मिनिटांनी किल्लारीची भूमी हादरली. अनंत चतुर्दशी नुकतीच सरली होती, गणेशविसर्जन करून गावे झोपली होती. सुमारे दहा हजार माणसे गेली. त्या अंधाराची आठवण असलेल्या घरात विजेरी पेटलीच पाहिजे. तेथे वसुलीचा हिशेब लागू होत नाही. जुन्या पद्धतीचा चार्जिंगचा सेल नुसता पडून राहिला तरी काही महिन्यांत रिता होतो. नवे सुधारित सेल वर्षभरानंतरही बराचसा भार राखतात, तर अल्कलाइन सेल वर्षानुवर्षे तयार राहतो. म्हणून संकटकाळच्या विजेरीसाठी अल्कलाइन सेलच ठरले. ते गळतात की काय हे कळावे, यासाठी दर शुद्ध चतुर्दशीला विजेरी उघडून आणि पेटवून पाहण्याचा नेमही ठरला.

राहिले ते खणातले मूठभर सेल. ते कचऱ्याच्या गाडीत टाकणे सोपे होते. परंतु ऑगस्ट 2022 मध्ये केंद्र सरकारने बॅटरी कचऱ्याचे नवे नियम केले. त्यांनुसार वापरलेले सेल घरच्या इतर कचऱ्यापासून वेगळे ठेवणे ग्राहकाचे कर्तव्य आहे आणि ते गोळा करून त्यांच्या पुनर्वापराची व्यवस्था लावणे ही उत्पादकाची जबाबदारी आहे. चार्जिंगचा सेलही एक दिवस निकामी होतोच. त्यालाही हाच नियम. प्रयोजन नसताना, केवळ निष्काळजीपणाने माती, पाणी आणि त्यांतील जीवांना पीडा पोहोचविणे यालाच शास्त्रांनी अनर्थदंडातील प्रमादचर्या म्हटले आहे. कायद्याने आज सांगितलेले श्रावकाला नवे नाही.

अप्पांनी लोणच्याची एक रिकामी बरणी धुऊन कोरडी केली, जुने सेल तीत भरले आणि ती दुकानाच्या गल्ल्याशेजारी ठेवली. गिऱ्हाइकांनीही आपले संपलेले सेल तीत टाकावेत, बरणी भरली की ते अधिकृत संकलकाकडे द्यावेत, असा त्यांचा विचार.

लेक नांदेडला निघाली, तेव्हा तिच्या पिशवीत फराळाच्या डब्यांबरोबर तशीच एक बरणी होती. वजिराबादेतील सासरच्या दुकानात ती कोठे ठेवायची, हे तिने मनाशी ठरविले होते. घड्याळातला चार्जिंगचा सेलही आता नातवाच्या खेळण्यात जाणार होता.