पाच तासांत फुल? आधी हिशेब मांडा



मागच्या आषाढात आमच्या कनेरगाव नाक्यावर दोन दिवस वीज नव्हती. सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या. त्यांच्या हवेच्या गादीचा पंप आणि टेबलफॅन रात्रभर चालायलाच हवा. घरात ५०० वॅट-अवरचं पॉवर स्टेशन आणि १०० वॅटचं सोलर पॅनेल होतं. "पाच तासांत फुल," असं विकणाऱ्यानं सांगितलेलं. पहिली रात्र निभावली. दुसऱ्या दिवशी पॅनेल सकाळपासून गच्चीवर, तरी संध्याकाळी आकडा ३० टक्केच. रात्री अकराला पंखा थांबला, पंपही. पहाटेपर्यंत मी सासूबाईंची कूस बदलत आणि टॉवेलनं वारा घालत बसले.

पाचशे भागिले शंभर, पाच. भागाकार बरोबर आहे, पण हा ढोबळ नफा झाला. हाती पडतो तो निव्वळ नफा, हे बी.कॉम.ला शिकूनही मी विसरले होते.

पॅनेलवरचे १०० वॅट मोजतात ते चौरस मीटरला १००० वॅट ऊन आणि पॅनेलचं तापमान २५ अंश धरून. आपल्या उन्हाळ्यात पॅनेल साठ अंशांच्या वर तापतं आणि वाढत्या प्रत्येक अंशाला वीज साधारण ०.३ ते ०.४ टक्क्यांनी घटते. वर धूळ, तिरकं ऊन, कोपऱ्यावर झाडाची सावली. म्हणून मी ७० वॅटच धरते. म्हणजे सात तासांहून जास्त, आणि तेही भर उन्हाचे. सकाळ-संध्याकाळचं कोवळं ऊन जमेस धरूनही चांगल्या दिवशी असे पाचेक तासच भरतात. ५०० ची पेटी भरायला दीड दिवस लागतो. ढगाळ दिवसाचं काय होतं ते वर सांगितलंच.

"मग मोठं पॅनेल घ्या," म्हणतील. घ्या, पण पेटी किती व्होल्ट आणि जास्तीत जास्त किती वॅट आत घेते ते आधी वाचा. पेटी १०० च घेत असेल, तर २०० च्या पॅनेलनं भर दुपारी वेळ निम्मा होत नाही.

माझं मत असं की आधी खर्चाची बाजू बघावी. पंखा ४५ वॅट, पंप ८, दिवा ७, एकूण ६०. भरलेल्या पेटीतून हाती येतात सव्वाचारशे, म्हणजे सात तास. मी दुसरी पेटी घेतली नाही, २५ वॅटचा बीएलडीसी टेबलफॅन घेतला. आता तीच पेटी दहा तास पुरते. चौविहारामुळे मिक्सरचं काम दिवसाच उरकतं. रात्री उरतात सासूबाई आणि एक दिवा.

परिग्रह-परिमाण व्रत घेताना आपण पहिल्या शब्दावर थांबतो. दुसरा शब्द परिमाण, म्हणजे मोजमाप. वस्तू घरात आणण्याआधी आपली गरज मोजायची आणि तिचं देणंही. मी ते मोजलं नाही, आणि ती रात्र सासूबाईंनी सोसली.