‘हात वळत नाही’ म्हणू नका, डोळा शिकवा



मूल चित्र काढायला बसते, दोनदा चुकते आणि घरातले कोणीतरी बोलून जाते, “आपल्याला नाही जमायचं ते, जन्मतःच अंगात असावं लागतं.” तेवढ्यावर मूल पेन्सिल खाली ठेवते, ती कायमची. माणसाला काय येईल हे जन्मावर ठरते, ही समजूत आपण इतर बाबतीत मानत नाही. मग चित्रकलेतच का मानावी? कोणाला लवकर जमते, कोणाला उशिरा, हे खरे. पण चित्र शिकवता येते, आणि कसे शिकवावे याविषयी शास्त्रज्ञांनी शोधलेल्या गोष्टी आपल्या दहा बाय दहाच्या खोलीतही वापरता येतात.

पहिली गोष्ट पाहण्याची. १९३१ साली रॉबर्ट थाउलेस या मानसशास्त्रज्ञाने दाखवून दिले की, तिरपी ठेवलेली गोल चकती डोळ्याला लांबट दिसत असली तरी माणसे ती दिसते त्यापेक्षा अधिक गोल दाखवतात. कारण ती गोल आहे हे मनाला ठाऊक असते. १९९७ साली कोहेन आणि बेनेट या अमेरिकन संशोधकांनीही हाच निष्कर्ष काढला की, चित्र चुकण्याचे मोठे कारण पाहण्यातली चूक हे आहे, हाताचा दोष फार थोडा.

म्हणून आधी डोळा शिकवा. पेला मुलाच्या डोळ्यांच्या रेषेत धरा. त्याचे तोंड सरळ रेघेसारखे दिसेल. हळूहळू खाली न्या. तोंड उघडत जाईल. मग हात ताठ करून, एक डोळा मिटून, पेन्सिलीवर अंगठ्याने पेल्याची रुंदी मोजायला सांगा. उंचीत ती किती वेळा बसते, हे पाहूनच रेघ ओढू द्या.

दुसरी गोष्ट सरावाची. शिकणे थोडे थोडे, दिवस वाटून केले तर जास्त टिकते, हे एबिंगहाउस या जर्मन संशोधकाने १८८५ सालीच नोंदवले होते. रविवारी दोन तास बसवण्यापेक्षा रोज वीस मिनिटे बसवा. पाठकोरे कागद पुरतात.

तिसरी गोष्ट आठवण्याची. २००६ साली रोडिगर आणि कार्पिके यांच्या प्रयोगात, उतारा पुन्हा पुन्हा वाचणाऱ्यांपेक्षा तो न पाहता आठवून लिहिणाऱ्या विद्यार्थ्यांना आठवड्यानंतर जास्त आठवला. प्रयोग वाचनाचा होता, पण चित्रालाही ती रीत लावून पाहावी. पेला झाकून ठेवा, मनाने काढायला सांगा, मग उघडून ताडून पाहू द्या. चुकले तेथे मुलानेच शेजारी दुसरी रेघ मारावी. खोडरबर दूर ठेवा, म्हणजे चूक आणि दुरुस्ती दोन्ही डोळ्यांसमोर राहतात. एलिमेंटरी परीक्षेतील वस्तुचित्र आणि स्मरणचित्र या दोन्हींची तयारी त्यातून होते.

आई-वडिलांना चित्र यायलाच हवे असे नाही. “बूड सरळ दिसतंय की वाकलेलं?” एवढे विचारता आले तरी पुरे. “छान” म्हणून वही मिटू नका; कालच्यापेक्षा आज कोणती रेघ सुधारली, ती बोट ठेवून दाखवा. शिकवणीला पैसे नसतील. रोजची वीस मिनिटे मात्र आपल्या हातात आहेत. ती मुलांना द्या.