आधी मांडणी, मग मासे

आमच्या घराला गॅरेज आहे, पण गाडी नाही. घर बांधताना ‘पुढेमागे घेऊच की’ म्हणून हौसेने काढलेली ती खोली. गाडी काही आली नाही. आला तो जुना कूलर, मुलांच्या मोडक्या सायकली, गव्हाची रिकामी पोती आणि दर दिवाळीचा एकेक आकाशकंदील. २०२२ च्या पावसाळ्यात आमच्या बचत गटातल्या पाचजणींनी पदर खोचून ती खोली रिकामी केली. तिथे शोभेचे मासे वाढवायचं ठरलं होतं. गप्पी आणि मोली या जाती थेट पिल्लं देतात. अंडी सांभाळायची कटकट नाही, आणि सगळं नीट असलं तर साधारण महिन्याभराने मादी पुन्हा पिल्लं देते. घरचं सगळं आवरून दोन तास देता येतील असं हे काम.

मासे कुठून आणायचे, खाद्य कोणतं, नळाच्या पाण्यातलं क्लोरीन उडून जावं म्हणून पाणी आदल्या दिवशी भरून ठेवायचं, हे सगळं आम्ही वहीत लिहून घेतलं. काचेच्या टाक्या हौसेने निवडल्या. हवेचे पंप घेतले. राहिली ती मांडणी. ‘मांडणी काय, सुतार करून देईल,’ असं आम्ही सगळ्याजणी म्हणालो. मैत्रिणींनो, आमचं चुकलं ते इथेच.

सुतारकाका आले. आम्ही म्हटलं, तीन कप्प्यांची मांडणी करा, साडेसहा फूट लांब. त्यांनी प्लायच्या फळ्या बाजूच्या पट्ट्यांना स्क्रूने मारून दोन दिवसांत काम उरकलं. मधोमध टेकू नव्हता. मी भीत भीत विचारलं, ‘‘काका, वजन पेलेल ना?’’ ते हसले. ‘‘वहिनी, बिनधास्त राहा. माणूस वर चढला तरी काही होणार नाही.’’ पुढे विचारायचं मला सुचलं नाही. खरं सांगायचं तर लाज वाटली. सुतारकामातलं आपल्याला काय कळतं!

दुसऱ्या महिन्यात एका पहाटे गॅरेजमधून आवाज आला. मधल्या कप्प्याची फळी वाकली होती, एका बाजूचे स्क्रू उपटून आले होते आणि टाकीच्या तळाची काच तडकली होती. गुडघ्याएवढ्या उंचीपर्यंत भिंती भिजलेल्या, फरशीवर काचा आणि त्यात तडफडणारे मासे. आमची खजिनदार धावत आली आणि उंबऱ्यातच मटकन बसली. गटाचं कर्ज तिच्या सहीने काढलेलं होतं. पण माझ्या पोटात गोळा आला तो वेगळ्याच कारणाने. आमच्यातल्या एकीचा नातू शाळा सुटली की रोज त्याच मांडणीसमोर पोतं टाकून मासे बघत बसायचा. हे पहाटे न घडता संध्याकाळी घडलं असतं तर?

त्या दिवशी स्वयंपाक बाजूला ठेवून मी वही-पेन घेतलं. जो हिशोब आधी करायचा तो नंतर केला. आमची एक टाकी तीन फूट लांब, एक फूट रुंद आणि सव्वा फूट उंच. काठोकाठ भरली तर तिच्यात सुमारे १०६ लिटर पाणी मावतं. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. वरून थोडी रिकामी ठेवली तरी पाणीच १०० किलो. काच, वाळू, दगडगोटे धरले की एक टाकी सव्वाशे किलोच्या घरात जाते. एका कप्प्यावर दोन टाक्या, असे तीन कप्पे. म्हणजे सहा टाक्यांचे ७५० किलो! सिमेंटची १५ पोती एकावर एक रचावीत एवढा भार आम्ही प्लायच्या तीन फळ्यांवर ठेवला होता.

आता मला सांगा, पाण्याचं वजन बाईला कुणी शिकवायला हवं का? डोक्यावर हंडा आणि कमरेवर कळशी घेऊन आपल्यातल्या कितीजणींनी खेपा घातल्या आहेत. तरी पाचजणींपैकी एकीच्याही मनात हा हिशोब आला नाही. कारण वजन वाहायचं काम आपलं आणि ते कशावर ठेवायचं हे ठरवायचं काम दुसऱ्याचं, हे आपल्या अंगवळणी पडलेलं आहे.

सुतारकाकांना मी दोष देणार नाही. वर किती किलो ठेवणार, हे आम्ही त्यांना सांगितलंच नव्हतं. त्यांच्या डोळ्यांसमोर पुस्तकं नाहीतर डबे असणार. आणि माणूस चढण्याची त्यांची कसोटीही इथे लागू पडत नव्हती. माणूस मिनिटभर चढतो आणि उतरतो. पाणी रात्रंदिवस तिथेच बसून असतं. सततच्या भाराखाली लाकूड हळूहळू वाकत जातं, म्हणून पहिल्या दिवशी ताठ दिसलेली फळी दोन महिन्यांनी दगा देते.

आमचे ‘हे’ म्हणाले, ‘‘लोखंडी अँगलचा तयार स्टँड आणा आणि मोकळ्या व्हा.’’ तोही चांगला पर्याय आहे, नाही असं नाही. फक्त ओलसर जागेत रंगाचा टवका उडाला की गंज धरतो, तेवढं बघावं लागतं. पण आमच्या गावात तेव्हा एक जुना वाडा उतरवला होता आणि वखारीत सागवानी तुळया, वासे बऱ्या भावात मिळत होते. शिवाय मनात एक खुमखुमी होतीच, की जे मोडलं ते आता आपण समजून घेऊन उभं करायचं. त्याच सुतारकाकांना बोलावलं. या वेळी आम्ही पाचजणी समोर बसलो, मोजमापाची वही घेऊन.

मांडणी कशी केली ते थोडक्यात सांगते, कारण कुणाला उपयोगी पडेल. तीन इंची जाडीचे सहा खांब: तीन पुढे, तीन मागे. म्हणजे मधोमध टेकू आलाच. आडवी लाकडं चार इंच रुंद, दोन इंच जाड, आणि ती उभ्या कडेवर बसवलेली. मुलांची फूटपट्टी आडवी धरून दाबा, लगेच वाकते. तीच कडेवर उभी धरून दाबा, वाकत नाही. लाकडाचंही तसंच. ही आडवी लाकडं खांबात खाच करून बसवली, म्हणजे भार लाकडावरून लाकडावर आणि तिथून जमिनीवर उतरतो. स्क्रू आणि बोल्ट फक्त धरून ठेवायला. खाच जमत नसेल तर आडव्या लाकडाखाली ठोकळा, त्याच्या खालच्या कप्प्यातही ठोकळा, असं थेट जमिनीपर्यंत आणावं. मागच्या बाजूला तिरप्या पट्ट्या मारल्या आणि मांडणी भिंतीला पक्की केली, म्हणजे ती बाजूला डुलत नाही.

गॅरेजची जमीन पाणी वाहून जावं म्हणून बहुधा दाराकडे उतरती असते. आमचीही आहे. मांडणी तिरकी राहिली की काचेवर सारखा ताण येतो. म्हणून गवंड्याकडून पाणी भरलेली पारदर्शक नळी आणली आणि सगळे खांब एका पातळीत आणले. खांबांखाली शहाबादी फरशीचे तुकडे दिले, म्हणजे ओल थेट लाकडात चढत नाही आणि वाळवी लागली तर लवकर नजरेला पडते. लाकडाला प्रायमर आणि वर ऑइल पेंटचे दोन हात. टाकीखाली थर्माकोलचा तुकडा, म्हणजे बारीकसारीक उंचसखलपणा काचेला टोचत नाही. विजेचं बटण टाक्यांपेक्षा उंचावर घेतलं आणि वायरला खाली झोळ ठेवला. वायरवरून ओघळलेलं पाणी झोळातून खाली ठिबकतं, बटणापर्यंत जात नाही. भरतानाही आधी खालचा कप्पा, मग वरचे. दोन दिवस नुसतं पाणी भरून बघितलं, मगच मासे सोडले.

खर्च पहिल्या मांडणीच्या दीडपट झाला. पण पहिल्या मांडणीचे पैसे वाया गेलेच ना?

माझं म्हणणं एवढंच आहे. आपण बायका घरगुती उद्योग सुरू करतो तेव्हा दिसणाऱ्या गोष्टींवर हात सैल सोडतो. फलक हवा, उद्घाटन हवं, पाहुण्यांना नारळ-शाल हवी. ज्यावर सगळं उभं राहणार, तिथे मात्र ‘चालेल काहीतरी’ म्हणतो. २०२० साली केंद्र सरकारने प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजना सुरू केली. तिच्यात परसातल्या शोभिवंत मत्स्यपालनाचाही समावेश केला आणि अनुदान सर्वसाधारण गटाला ४० टक्के, तर महिलांना ६० टक्के ठेवलं. चांगलीच गोष्ट आहे. अशा योजनांची जिल्ह्याच्या मत्स्यव्यवसाय कार्यालयात जरूर चौकशी करा. पण अनुदान मिळालं म्हणून फळी वाकायची थांबत नाही. तिचा हिशोब आपल्यालाच यायला हवा.

तो येत नाही, यात बुद्धीचा दोष नाही. आमच्या शाळेत कार्यानुभवाच्या तासाला मुलींना शिवणकाम आणि मुलांना सुतारकाम असायचं. मी काजं-बटणं शिकले, करवत कधी हातात आली नाही. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीच्या सगळ्याच विद्यार्थ्यांना सुतारकाम, वीजकाम, बागकाम अशा कामांचा हाताने अनुभव द्यावा असं म्हटलं आहे. तुमच्या मुलीच्या शाळेत ते खरंच होतं का, हे पालकसभेत जरूर विचारा. आणि आपल्या पिढीचं काय? आपण निदान विचारायला तरी शिकू या. मिस्त्रीला, वायरमनला, गवंड्याला. ‘याचा भार कशावर पडतो?’ एवढा एक प्रश्न. त्यात लाजायचं काही नाही. घाऱ्यांच्या पाकात गूळ किती हे न लाजता विचारतोच ना आपण!

आज त्या मांडणीवर सहा टाक्या उभ्या आहेत. कर्जाचे हप्ते फिटले. फार मोठी कमाई होते असं नाही, पण पाचजणींच्या हातात महिन्याला स्वतःचे चार पैसे येतात. नातू आता मोठा झालाय. पोतं टाकून बसत नाही, उभा राहून पिल्लं मोजतो.

आणि सुतारकाका? परवा शेजारच्या वहिनींनी त्यांना माळा करायला बोलावलं होतं. मी कुंपणापाशी कपडे वाळत घालत होते. काका टेप काढायच्या आधीच विचारत होते, ‘‘वहिनी, वर काय ठेवणार ते आधी सांगा. आणि किती किलो?’’