आठव्या सिंफनीचा ताफा

गुस्ताव माहलरच्या आठव्या सिंफनीला ‘हजारांची सिंफनी’ हे नाव आयोजक एमिल गुटमान याने जाहिरातीसाठी चिकटवले. खुद्द माहलरला ते रुचले नव्हते. म्युनिकमध्ये १२ सप्टेंबर १९१० रोजी झालेल्या पहिल्या प्रयोगात ८५८ गायक आणि १७१ वादक होते, तेव्हा नाव खोटेही नव्हते. मात्र हा आकडा स्वरलिपीत कुठेच लिहिलेला नाही. आज याहून पुष्कळ कमी माणसांत प्रयोग होतात आणि चांगले होतात.

स्वरलिपीची खरी मागणी आहे दोन स्वतंत्र संमिश्र गायकवृंदांची. एकच वृंद ऐनवेळी मधोमध चिरून हे काम भागत नाही. आठ ओळी एकमेकींना उत्तरे देत जातात, आणि एकेका ओळीला आपला भार पेलणारे गायक लागतात. म्युनिकला व्हिएन्ना आणि लाइपझिगहून आलेले गायक मिळून ५०० होते, शिवाय स्थानिक मुले ३५०. तालमी आधी आपापल्या गावी झाल्या. एकल गायक आठ: तीन सोप्रानो, दोन आल्टो, टेनर, बॅरिटोन आणि बास. पहिल्या, लॅटिन भागात यांतले सातच गातात. तिसऱ्या सोप्रानोच्या वाट्याला दुसऱ्या भागातल्या मोजक्या ओळी येतात, त्याही बहुधा वरच्या सज्जातून. टेनर मिळवणे सर्वांत कठीण. गटेच्या ‘फाउस्ट’वरील दुसऱ्या भागात त्याला उंच पट्टीत, भरल्या वाद्यवृंदावरून गायचे असते.

वाद्यांत चार बासऱ्या, चार ओबो, चार बसून, आठ हॉर्न, चार ट्रंपेट, चार ट्रॉम्बोन, एक ट्यूबा आणि त्यांच्या जोडीला पिकोलो, क्लॅरिनेट वगैरे मंडळी. गायक आणि तंतुवाद्ये वाढली की लाकडी सुषिर वाद्यांच्या पहिल्या ओळी दुप्पट कराव्यात, अशी माहलरची सूचना आहे. खर्च वाचवण्यासाठी ती पहिल्यांदा गाळली जाते, आणि मग बासऱ्या दिसतात पण ऐकू येत नाहीत.

ऑर्गन पहिल्याच मापात ई-फ्लॅटचा स्वरसमूह धरतो आणि लगेच दोन्ही वृंद उसळतात. ऑर्गन ऐनवेळी वरखाली करता येत नाही, म्हणून साऱ्यांनी त्याच्याशीच स्वर जुळवायचे. पियानो, चेलेस्टा, हार्प आणि मँडोलिन यांचे काम बरेचसे दुसऱ्या भागातले. हार्मोनियमही आहे, पण ती पायपेटी. ‘फाउस्ट’मधल्या दिव्य मातेच्या आगमनाला व्हायोलिन या पायपेटीच्या आणि हार्पच्या आधाराने अगदी हळू गाते. एवढा ताफा जमवूनही कृतीचा बराच भाग असा दबक्या आवाजाचा आहे. दुसऱ्या भागात पुरुषगायक जवळजवळ कुजबुजत प्रवेश करतात. तालमीचा वेळ तिथे जायला हवा. मोठा आवाज आपोआप निघतो.

उरतात मंचापासून दूर बसणारे चार ट्रंपेट आणि तीन ट्रॉम्बोन. दोन्ही भागांच्या शेवटी त्यांचा प्रवेश आहे. अंतरामुळे त्यांचा आवाज श्रोत्यांपर्यंत उशिरा पोहोचतो, म्हणून त्यांनी कानावर विसंबू नये. संचालकाचा हात दिसेल अशी जागा किंवा पडदा, नाहीतर त्यांच्यासाठी सहायक संचालक, ही तरतूद सभागृह ठरवतानाच व्हावी.