गाठ हाताला लागली तर…

मैत्रिणींनो, “आता म्हणे छातीचा फोटो काँप्युटरच वाचतो, मग डॉक्टर कशाला?” असा प्रश्न परवा हळदीकुंकवात निघाला. विषय संकोचाचा खरा, पण बोलायलाच हवा.

मॅमोग्राफी म्हणजे स्तनांचा एक्स-रे. स्वीडनमध्ये असा प्रत्येक फोटो दोन डॉक्टरांनी पाहायची पद्धत होती. एकाच्या नजरेतून सुटले तर दुसऱ्याला दिसावे, हा हेतू. तिथे ८०,०००हून अधिक बायकांवर एक प्रयोग झाला. काँप्युटरने आधी धोक्याचे गुण द्यायचे. गुण कमी तर एका डॉक्टरने फोटो पाहायचा, जास्त तर दोघांनी. २०२३ साली निष्कर्ष आले. डॉक्टरांचे वाचनाचे काम ४४ टक्क्यांनी घटले, आणि कर्करोग सापडण्याचे प्रमाण हजारी ५ वरून ६ झाले. निर्णय मात्र डॉक्टरांचाच बरं का!

पण यंत्र म्हटले की भुलू नये. अमेरिकेत १९९८ साली अशाच जुन्या यंत्राला परवानगी मिळाली. २००७ मध्ये पाहतात तो काय, निरोगी बायकांनाच उगीच पुन्हा बोलावणी जास्त!

आता आपले बघू. कबनूर-इचलकरंजीत कांड्या भरून घर चालवणारीला दर दोन वर्षांनी मॅमोग्राफी कुठली परवडायला? मुंबईत टाटा हॉस्पिटलने १९९८ पासून दीड लाखाहून अधिक बायकांचा अभ्यास केला. त्यांतल्या निम्म्यांना प्रशिक्षित आरोग्यसेविका दर दोन वर्षांनी नुसत्या हाताने तपासत. २०२१ मध्ये निष्कर्ष आला. तपासलेल्या, पन्नाशीपुढच्या बायकांत या रोगाने होणारे मृत्यू सुमारे ३० टक्क्यांनी कमी होते. पन्नाशीच्या आत तसा फरक दिसला नाही, हेही सांगायला हवे.

तेव्हा लक्षात ठेवा. स्तनात किंवा काखेत गाठ लागली, कातडी ओढली गेली, बोंडातून रक्त आले, तर थांबू नका. बहुतेक गाठी साध्याच असतात. पण सुरुवातीची वाईट गाठ बहुधा दुखत नाही. म्हणून “दुखत नाही ना, मग राहू दे” हे म्हणणे सोडा. फोटो चांगला आला, तरी गाठ हाताला लागतेय? पुन्हा दाखवा. काही गाठी फोटोत उमटतच नाहीत.

एकटीला अवघड वाटले तर जावेला, शेजारणीला बरोबर घ्या. पण दिवाळी होऊ दे, लग्न उरकू दे, असे म्हणत पुढे ढकलू नका.